मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी मध्यम आणि मोठी कॅलिबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातल्या अल्बर्टात स्थायिक झाल्यावर मी शिकारीचा परवाना काढला, त्याला आता बारा वर्षं होतील. दर शरदात मूस किंवा एल्क या मोठ्या हरणांच्या मागे जातो. आफ्रिकेतल्या नामिबियातही दोनदा जाऊन आलो. आपल्या मराठी मंडळींत या वाटेला येणारे थोडे, पण दरवर्षी दोन-चार नवे चेहरे असतात आणि ऑगस्ट उजाडला की त्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून काढली.

मी भारतात राहतो. मला याचा काही उपयोग?

शिकारीसाठी अजिबात नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकार बंद आहे. पिकं उद्ध्वस्त करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायचा तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती परवानगी म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. गव्यावर किंवा सांबरावर बार टाकणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. तो तसाच राहायला हवा असं मी मनापासून मानतो. सह्याद्रीत जे उरलंय ते आधीच फार थोडं आहे. खाली जे लिहिलंय ते जिथे शिकार कायदेशीर आहे, परवाने मोजून दिले जातात आणि मांस वाया घालवता येत नाही, अशा देशांपुरतं.

.३७५, ९.३×६२, .३०-०६ या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा?

कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी. सुरुवातीला टिंब असेल तर ते इंचाचं माप. .३७५ म्हणजे गोळीची जाडी ०.३७५ इंच, साधारण साडेनऊ मिलिमीटर. युरोपातली पद्धत जास्त सरळ आहे: ९.३×६२ म्हणजे ९.३ मिलिमीटरची गोळी आणि ६२ मिलिमीटर लांबीची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं दारू भरलेलं धातूचं नळकांडं. .३०-०६मधला ०६ मात्र माप नाही. ते साल आहे, १९०६.

या नावांवर आंधळा विश्वास ठेवू नका. .४०४ जेफरीची गोळी प्रत्यक्षात .४२३ इंच असते. .३७५ एच अँड एच आणि .३७५ रुगर यांची गोळी एकाच जाडीची, पण काडतुसं पूर्ण वेगळी. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. दुकानात काडतूस मागताना पूर्ण नाव घ्या आणि नळीवर कोरलेलं नाव खोक्यावरच्या नावाशी अक्षर न अक्षर ताडून बघा.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. म्हणजे ३०० ग्रेनची गोळी साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास.

मध्यम कुठलं आणि मोठं कुठलं?

जुन्या शिकाऱ्यांच्या बोलण्यात साधारण .३३पासून .४०च्या आतलं ते मध्यम आणि .४०पासून पुढे मोठं. .३०-०६ किंवा .३०० मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरदार काडतूस) या हिशोबात लहानच ठरतात. तरी मोठ्या जनावरांच्या शिकारीत सगळ्यात जास्त वापर त्यांचाच होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मूस आणि एल्कसाठी .३०-०६ पुरते का?

पुरते. अल्बर्टातला नर मूस साडेचारशे किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की एवढ्या धुडाला तोफच हवी. पण मूस हे जनावर आकाराच्या मानाने लवकर हार मानतं. १८० ग्रेनची चांगली गोळी .३०-०६मधून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते आणि नळीच्या तोंडाशी तिच्यात ३,९०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. दोन्ही फुफ्फुसांतून ती आरपार गेली की काम झालं. स्वीडनमध्ये कित्येक पिढ्यांनी ६.५×५५ने मूस मारलेत, आणि ती तर याहूनही लहान.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण नवा माणूस हमखास फसतो. गोळी बरोबर लागली तरी मूस बऱ्याचदा काहीच दाखवत नाही. उडी नाही, लंगडणं नाही. मान वर करून उभा राहतो, जणू बार दुसऱ्याच कुणावर झाला. पाहणाऱ्याला वाटतं नेम चुकला आणि तो रायफल खाली घेतो. खाली घेऊ नका. लगेच दुसरं काडतूस चढवा आणि जनावर उभं असेपर्यंत दुसरी गोळी घाला. माझा पहिला मूस पहिल्या गोळीनंतर तब्बल पंधरा-वीस सेकंद विलोच्या झुडपात तसाच उभा होता आणि मग एकदम मागच्या पायांवर बसला. पाहिलं तर दोन्ही गोळ्यांत तळहाताएवढंही अंतर नव्हतं.

मग .३०० किंवा .३३८ मॅग्नम कशाला घेतात लोक?

लांबच्या नेमासाठी आणि जड गोळीसाठी. .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ची, .३३८ विंचेस्टर मॅग्नम १९५८ची. .३३८ ही २५० ग्रेनची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वेगाने फेकते, म्हणून अलास्कात तपकिरी अस्वलामागे जाणाऱ्यांची ती आवडती आहे. दोन्ही उत्तम काडतुसं आहेत. माझी हरकत काडतुसाला नाही, ती पेलत नसताना घेण्याला आहे. हे मी फार महागात शिकलो.

नामिबियाच्या पहिल्या खेपेला मी नवीकोरी, वजनाला हलकी .३०० मॅग्नम नेली होती. दुकानात खांद्याला लावली तेव्हा पिसासारखी वाटली. मैदानावर तिचा धक्का असा बसायचा की वीस काडतुसांनंतर दात आवळले जायचे. मी सराव कमी केला आणि मनाला समजावलं की जनावर समोर आलं की धक्का जाणवत नाही. धक्का खरंच जाणवत नाही, पण त्याची शरीराला लागलेली सवय जात नाही.

वॉटरबर्गच्या पायथ्याच्या एका शेतावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, एकशे तीस मीटरवर ओरिक्स या लांब शिंगांच्या हरणाचा नर आडवा उभा होता. तिपाईवर रायफल टेकलेली, वारा तोंडावर, घाई कसलीच नाही. चाप ओढताना माझा डोळा मिटला, हे मला स्वतःला कळलं. गोळी वीतभर मागे, पोटात लागली. आम्ही काटेरी झुडपांतून सूर्य मावळेपर्यंत माग काढत होतो. माग काढणारा माणूस वाकून एखादं गवताचं पातं मला दाखवायचा. त्यावर रक्त नव्हतं, हिरवट ओल होती. तेवढ्यावरून त्याला सगळं कळत होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओरिक्स सापडला. रात्री कधीतरी गेला होता, कोल्ह्यांनी मागून खाल्ला होता. ती रात्र त्याने कशी काढली असेल हे अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. परत आल्यावर मी ती रायफल विकली.

कुठलं कॅलिबर घ्यावं या प्रश्नाला माझं उत्तर त्या दिवसापासून एकच आहे: जनावराला पुरेल एवढं मोठं, आणि डोळा न मिटता तुम्हाला चालवता येईल एवढंच मोठं. या दोन्ही अटी एकदम पाळता येत नसतील, तर जनावर बदला.

धक्का सोसतो की नाही हे कसं ओळखायचं?

रायफलचं वजन सारखं धरलं नाही तरी ढोबळ अंदाज असा: .३७५चा धक्का .३०-०६च्या दुपटीच्या जवळ जातो आणि .४१६चा तिपटीच्या आसपास. पण आकड्यांपेक्षा एक साधी चाचणी करा. सोबत्याला तुमच्या मॅगझिनमध्ये पाच काडतुसं भरायला सांगा. त्यांत दोन नकली, आणि कुठली कितवी ते तुम्हाला सांगायचं नाही. आता नेम धरून एकेक चालवा. नकली काडतुसावर चाप ओढल्यावर नळी जागची हलायला नको. ती खाली गोता खात असेल, खांदा पुढे येत असेल, तर तुम्ही बार होण्याआधीच दचकता. सोबतचा माणूस ते लगेच पाहतो. स्वतःला ते सहसा दिसत नाही, कारण खऱ्या बाराच्या धक्क्यात सगळं झाकलं जातं.

सुधारणा होते. घरी रिकाम्या रायफलवर रोज दहा मिनिटं नेम धरून चाप ओढायचा सराव, मैदानावर .२२ने भरपूर गोळ्या, मोठ्या रायफलने एका दिवसात दहा-बाराच, त्याही उभ्याने. टेबलाला बसून .३७५ चालवली तर सगळा धक्का खांद्यात शिरतो. उभ्याने शरीर मागे झुलतं आणि तो वाटला जातो. दस्ता, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा भाग, तुमच्या मापाचा असणं याला फार महत्त्व आहे. दस्ता आखूड असेल तर अंगठा नाकावर येतो.

.३७५ एच अँड एचचं एवढं कौतुक का?

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२मध्ये हे काडतूस बाजारात आणलं, आणि शंभरावर वर्षं झाली तरी त्याची जागा दुसऱ्या कुणाला घेता आलेली नाही. ३०० ग्रेनची गोळी, सेकंदाला ७७० मीटर, ऊर्जा ५,८०० ज्यूलच्या आसपास. ही गोळी इम्पालासारख्या लहान हरणावर फार नासधूस करत नाही, एलंडसारख्या आठ-नऊशे किलोच्या जनावराला पुरते आणि केप म्हशीसाठी, म्हणजे आफ्रिकेतल्या रानम्हशीसाठी, बहुतेक ठिकाणी कायद्याला चालते. दोनशे-अडीचशे मीटरपर्यंत तिचा मार्ग .३०-०६च्या १८० ग्रेनच्या गोळीपेक्षा फारसा वेगळा नसतो, त्यामुळे एका रायफलवर दोन कामं होतात.

तिची पुंगळी हातात घेऊन बघा. लांब आणि तळापासून तोंडाकडे निमुळती होत गेलेली. ती दिसायला छान म्हणून तशी केलेली नाही. त्या काळची कॉर्डाइट दारू उष्ण प्रदेशात जास्त दाब निर्माण करायची, आणि सरळ भिंतींची पुंगळी तापलेल्या नळीत अडकून बसायची. निमुळती पुंगळी थोडी सरकली की सुटते. समोर जखमी म्हैस असताना पुंगळी अडकणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

२००७ सालच्या .३७५ रुगरचं काम जवळपास तेच, पण तिची पुंगळी आखूड असल्याने साध्या लांबीच्या रायफलमध्ये बसते. रायफल चांगली असते. प्रश्न काडतुसांचा. सामान हरवलं तर आफ्रिकेतल्या आडगावच्या दुकानात एच अँड एच मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

९.३×६२बद्दल ऐकलंय. ती कशी?

फार गुणी. बर्लिनच्या ओटो बॉकने १९०५मध्ये ती काढली. तेव्हाच्या जर्मन वसाहतींतल्या शेतकऱ्यांना इंग्रजी बनावटीची महागडी रायफल परवडत नव्हती; ही साध्या माउझर रायफलमध्ये बसायची. २८६ ग्रेनची गोळी, वेग सव्वासातशे मीटरच्या आत, म्हणून धक्का .३७५पेक्षा सौम्य. कुडू, ओरिक्स, एलंड, मूस यांच्यासाठी मला याहून सुखाचं काडतूस माहीत नाही. अडचण एकच: तिची ऊर्जा ४,८०० ज्यूलच्या आसपास, आणि नामिबियात म्हशीसाठी ५,४०० लागतात. तेव्हा म्हैस डोक्यात असेल तर .३७५ घ्या.

.४१६, .४५८, .४७० यांची गरज कुणाला?

हत्ती आणि म्हशीच्या मागे जाणाऱ्याला, आणि त्याहून जास्त त्याच्याबरोबर चालणाऱ्या व्यावसायिक शिकाऱ्याला. पाहुण्याचा पहिला बार बहुधा उभ्या, बेसावध जनावरावर असतो. व्यावसायिकाला मात्र चाल करून आलेलं जनावर दहा पावलांवर थांबवायचं असतं. दोघांची गरज वेगळी, म्हणून त्याच्या खांद्यावर .४७० दिसली तर आपणही तीच घ्यावी असं नाही.

.४१६ रिग्बी १९११ची. ४०० ग्रेनची गोळी, ६,९०० ज्यूलच्या आसपास, आणि पुंगळी एवढी प्रशस्त की दाब कमी राहतो. मोठ्या कॅलिबरांत मला सगळ्यात संतुलित हीच वाटते. १९८०च्या दशकाच्या शेवटी आलेली .४१६ रेमिंग्टन तेवढंच काम लहान पुंगळीत करते, पण त्यासाठी जास्त दाब वापरते.

.४५८ विंचेस्टर मॅग्नमची कहाणी मुद्दाम सांगण्यासारखी. १९५६मध्ये ती आली तेव्हा जुन्या ब्रिटिश दुनळी रायफली महाग आणि दुर्मिळ झाल्या होत्या, त्यामुळे परवडणारी अमेरिकन रायफल सगळ्यांनी उचलली. पण आखूड पुंगळीत दारू दाबून भरावी लागायची. काही वर्षांनी उष्णतेत पडून राहिलेल्या काडतुसांतली दारू ढेकळासारखी घट्ट व्हायची, नीट जळायची नाही, आणि ५०० ग्रेनची गोळी ठरल्यापेक्षा बरीच मंद निघायची. हत्तीच्या डोक्यात ती पुरेशी खोल जात नव्हती. ही उणीव भरून काढायला जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याने १९७१मध्ये लांब पुंगळीची .४५८ लॉट बनवली. त्याआधी मोझांबिकमध्ये एका म्हशीने त्याला जबर जखमी केलं होतं. आजची .४५८ विंचेस्टरची काडतुसं सुधारलेली आहेत. तरी वडिलांच्या काळातलं जुनं खोकं कुणी प्रेमाने दिलं, तर ते सरावालाही वापरू नका.

आणि .४७० नायट्रो एक्स्प्रेसचा तर थेट भारताशी संबंध. १९०७च्या सुमारास ब्रिटिशांनी भारतात आणि सुदानात .४५० कॅलिबरच्या रायफलींवर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीची गोळीही त्याच जाडीची होती. शिकारीच्या काडतुसांचा माल बंडखोरांच्या हाती पडेल अशी सरकारला धास्ती. त्यावर विलायतेच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली, आणि त्यांतली .४७० टिकली. आज झिम्बाब्वेतल्या शिकाऱ्याच्या खांद्यावर जी दुनळी दिसते तिच्या कॅलिबरचं मूळ इथल्या एका सरकारी हुकमात आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधलं संग्रहालय पाहिलेल्यांना तिथली पेंढा भरलेली जनावरं आठवत असतील. तो काळ गेला हे बरंच झालं, पण त्या काळाने घडवलेली काडतुसं अजून चालतात.

बेलने सात मिलिमीटरच्या गोळीने हत्ती मारले म्हणतात. मग एवढी मोठी कॅलिबर कशाला?

डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले पुष्कळसे ७×५७ने, हे खरं आहे. पण त्याने हत्तीची कवटी करवतीने चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते अभ्यासलं होतं, सगळी हयात त्यात घालवली होती, आणि त्याच्या काळातल्या हत्तींना रायफलची ओळखही नव्हती. तो कठीण आवरणाची लांब गोळी वापरायचा, जी सरळ आत जात राहते. त्याच्याकडून घ्यायचं असेल तर शरीररचनेचा अभ्यास घ्या. आठ दिवसांच्या सुट्टीवर गेलेल्या माणसाने त्याचं कॅलिबर घेऊ नये. कायद्यालाही ते आता चालत नाही.

गोळी कुठल्या बनावटीची घ्यावी?

कॅलिबरवर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि गोळी दुकानदार देईल ती घेतात. माझ्या मते हे अगदी उलटं आहे. जनावरापर्यंत पोहोचते ती गोळीच.

साधी मऊ शिशाची गोळी जवळून, जास्त वेगाने हाडावर आदळली की फुटून तिचे तुकडे होतात. जखम रुंद होते, पण उथळ. १९४०च्या दशकात जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर हाच अनुभव आला, आणि त्याने मध्ये तांब्याची आडभिंत असलेली पार्टिशन गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. स्विफ्ट ए-फ्रेम त्याच विचारातली. नंतर बार्न्सने अख्खी तांब्याची गोळी आणली, जिच्यात शिसं नाहीच. ती चार पाकळ्यांनी उमलते आणि वजन जवळजवळ पूर्ण टिकवते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून कुठल्याही शिकारीला शिशाच्या गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे तिथल्यांना तांबंच घ्यावं लागतं. मी आता सगळीकडे तांबंच वापरतो. मूसचं मांस आमची मुलं खातात, त्यात शिशाचा कण जायला नको.

न उमलणारी ठोस गोळी हत्तीसाठी, आणि म्हशीवर पहिल्या उमलणाऱ्या गोळीनंतरच्या मागच्या बारांसाठी. हरणांवर ती वापरू नका. ती आरपार जाते आणि मागे उभ्या जनावरालाही लागते.

नेम कुठे धरायचा?

इथे कॅनडात शिकलेली सवय आफ्रिकेत दगा देते. मूस-एल्कवर आपण फऱ्याच्या, म्हणजे पुढच्या पायाच्या खांद्याच्या, किंचित मागे नेम धरतो आणि फुफ्फुसं मिळतात. आफ्रिकेतल्या बहुतेक हरणांचं आणि म्हशीचं हृदय-फुफ्फुस पुढे, जवळजवळ दोन फऱ्यांच्या मध्येच असतं, आणि खालच्या बाजूला. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाची रेघ वर न्या, छातीच्या उंचीचा खालचा एक तृतीयांश सोडा, तिथे. फऱ्याच्या मागे धरलात आणि गोळी थोडी सरकली, तर पोट. नामिबियात उतरल्यावर हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं. हाताला जुनी सवय होती.

सरावाला कागदी पत्रावळ पुरे. तिपाईवर उभ्याने, शंभर मीटरवरून, पाचपैकी पाच गोळ्या वीसेक सेंटिमीटरच्या वर्तुळात यायला हव्यात. येत नसतील तर तुमचं अंतर शंभर मीटर नाही, साठ आहे. तेवढ्यावरूनच बार टाका.

कायद्याने किमान किती लागतं?

देशागणिक वेगळं. अल्बर्टात मोठ्या जनावरांसाठी .२३पेक्षा लहान कॅलिबर चालत नाही; ही अट फार सैल आहे, तिच्यावर विसंबू नका. स्वीडनमध्ये मूससाठी गोळी किमान ९ ग्रॅमची हवी आणि शंभर मीटरवर २,७०० ज्यूल. गोळी १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २,००० पुरतात. नॉर्वेत दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते, शंभर मीटरवरून पाचच्या पाच गोळ्या ठरलेल्या वर्तुळात. ही अट सगळ्या जगात असती तर किती जनावरांचे हाल वाचले असते. नामिबियात स्प्रिंगबोकसारख्या लहान हरणांना १,३५० ज्यूल, कुडू-ओरिक्स-एलंडला २,७००, म्हैस-हत्तीला ५,४००. झिम्बाब्वेत हत्ती, म्हैस आणि पाणघोड्यासाठी किमान ९.२ मिलिमीटर आणि ५,३०० ज्यूल.

कॅनडात वरचीही मर्यादा आहे. मे २०२०पासून १०,००० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेची रायफल निषिद्ध. .३७५, .४१६, .४७० यांना काही अडचण नाही.

मी अमेरिकेत एच-१बी व्हिसावर आहे. रायफल बाळगता येते का?

मूळ नियम ‘नाही’ असा आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवता येत नाही. अपवाद आहे: तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर चालतं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, हे विसरू नका. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, वकिलाला विचारा. इथे चूक झाली तर व्हिसाच जातो.

विमानातून रायफल आणि काडतुसं कशी न्यायची?

कुलूपबंद कडक पेटीत रायफल, वेगळ्या खोक्यात काडतुसं, एकूण ५ किलोच्या आत. .३७५ची साठ काडतुसं त्यात सहज बसतात आणि दहा दिवसांना पुरून उरतात. दक्षिण आफ्रिकेत उतरणार असाल तर एसएपीएस ५२० हा तिथल्या पोलिसांचा फॉर्म आधी भरून ठेवा आणि विमानतळाच्या पोलिसांसमोरच सही करा. नामिबियात परवाना विंडहुकच्या विमानतळावर मिळतो. सेमी-ऑटोमॅटिक आणि पिस्तूल घेऊन जाऊच नका.

दुर्बीण किती ताकदीची?

म्हशीला १ ते ४ किंवा १ ते ६पट. मूसला २ ते ७पट. मोठ्या कॅलिबरवर डोळ्यापासून किमान नऊ सेंटिमीटर अंतर ठेवणारीच घ्या, नाहीतर भुवईवर टाके पडतात.

गोळी लागली आणि जनावर पळालं तर?

कुठे उभं होतं ती जागा एखाद्या झाडावरून पक्की करा, मग रायफल भरा, मग पावलं टाका. मूस असेल तर अर्धा तास थांबा. फुफ्फुसाचं रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं, यकृताचं गडद, पोटाचं हिरवट आणि उग्र वासाचं. पोटाची जखम असेल तर जास्त थांबावं लागतं. घाई केली तर जनावर उठून मैलोगणती पळतं. म्हशीच्या मागे झाडीत एकट्याने जायचं नाही, व्यावसायिक सांगेल तसंच. आफ्रिकेत जखमी होऊन हरवलेल्या जनावराचे पूर्ण पैसे द्यावे लागतात, आणि ते योग्यच आहे.

एकच रायफल घ्यायची झाली तर?

कॅनडा-अमेरिकेपुरतं असेल तर .३०-०६, कुठलाही विचार न करता. आफ्रिकेत एकदा तरी म्हशीसाठी जायचं असेल तर .३७५ एच अँड एच, चार किलोच्या वरची, माउझर पद्धतीच्या बोल्टची (बोल्ट म्हणजे हाताने मागेपुढे करून काडतूस भरायचा दांडा). त्या बोल्टचा पंजा काडतूस मॅगझिनमधून निघतानाच पकडतो, त्यामुळे घाईत अर्धवट बोल्ट मागे घेतला तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत.

माझ्या कपाटात आता या दोनच आहेत. दुसऱ्या खेपेला .३७५ घेऊन मी त्याच शेतावर गेलो. माग काढणारा माणूस तोच होता. ओरिक्स नव्वद मीटरवर होता, आणि बारानंतर तो चाळीस पावलं गेला.